बर्फ वितळल्यावर हरणांची गळलेली शिंगं शोधायला जाताना

मिनेसोटा-विस्कॉन्सिनच्या बाजूला नव्याने राहायला आलेल्या मराठी मंडळींना मार्च महिना नकोसा होतो. बर्फ अर्धवट वितळलेलं, जिकडेतिकडे चिखल, झाडांना पालवीचा पत्ता नाही. स्कीइंग संपलेलं असतं आणि कॅम्पिंगला अजून अवकाश असतो. नेमक्या याच पाच-सहा आठवड्यांत इथली गावाकडची माणसं हिवाळ्यात नर हरणांनी टाकलेली शिंगं शोधायला रानात जातात. इथे याला 'शेड हंटिंग' म्हणतात. नावात हंटिंग असलं तरी बंदूक लागत नाही, कुठल्या प्राण्याला इजा होत नाही आणि मिनेसोटात गळलेलं शिंग उचलायला लायसन्सही लागत नाही. चांगले बूट हवेत, नकाशा वाचता यायला हवा आणि तंगडतोड करायची तयारी हवी. सह्याद्रीत भटकलेल्यांना हे वेगळं शिकवावं लागत नाही.

मी लिहितेय ते आग्नेय मिनेसोटाबद्दल. रॉचेस्टरच्या पूर्वेला आणि दक्षिणेला विनोना, ह्यूस्टन, फिलमोर या काउंटींचा टेकड्यांचा मुलूख आहे. शेवटच्या हिमयुगातल्या हिमनद्या या भागावरून गेल्या नाहीत, त्यामुळे राज्याचा बराचसा भाग सपाट असला तरी इथे मात्र मिसिसिपीकडे उतरणाऱ्या घळी, लांबलचक सोंडा आणि चुनखडीचे कडे आहेत. याला ड्रिफ्टलेस एरिया म्हणतात. इथलं हरीण म्हणजे व्हाइट-टेल्ड डिअर, पांढऱ्या शेपटीचं. पश्चिमेकडच्या राज्यांचे नियम आणि भारतातला कायदा यांबद्दल शेवटी लिहिलंय. तो भाग कृपया वगळू नका.

नवखा माणूस शिंग शोधायला म्हणून निघतो, जंगलभर फिरतो आणि रिकाम्या हाताने परत येतो. जानेवारी ते मार्च हरीण काय खात होतं, कुठे बसत होतं आणि या दोन जागांमध्ये कुठून ये-जा करत होतं, एवढं आधी शोधा. कडाक्याच्या थंडीत हरीण विनाकारण पाऊलही उचलत नाही. त्याचे ते महिने अगदी थोड्या जागेत गेलेले असतात आणि शिंगही तिथेच पडलेलं असतं.

शिंग का गळतं

गाय, बकरी, काळवीट यांची शिंगं आयुष्यभर टिकतात. आत हाड आणि वर नखासारखं आवरण अशी त्यांची रचना असते. हरणाचं शिंग म्हणजे भरीव हाड. ते दरवर्षी नव्याने उगवतं आणि दरवर्षी गळतं. आपल्याकडचं चितळ, सांबर, भेकर हेही याच कुळातले. व्हाइट-टेलमध्ये शिंगं नरालाच येतात. मादीच्या डोक्यावर शिंग दिसलं तर ती फार विरळा गोष्ट समजा.

एप्रिलच्या सुमारास कवटीवरच्या दोन खुंटांतून नवं शिंग फुटू लागतं. उन्हाळाभर त्यावर मखमलीसारखी केसाळ कातडी असते, तिच्यातून रक्तपुरवठा होतो आणि शिंग झपाट्याने वाढतं. ऑगस्टअखेर ते टणक होतं, मग नर झाडाच्या बुंध्यावर घासून मखमल उतरवतो. नोव्हेंबरात माजाचा काळ असतो. तो सरला की शरीरातलं टेस्टोस्टेरॉन उतरतं आणि खुंट व शिंग यांच्या सांध्यापाशी हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात. आदल्या दिवशी ज्या शिंगाने झुंज घेता आली असती, ते दुसऱ्या दिवशी कुंपणावरून उडी मारताना बसलेल्या हिसक्याने गळून पडतं. इथे आग्नेय मिनेसोटात बहुतेक नर डिसेंबरअखेर ते मार्च या काळात शिंगं टाकतात. जखमी किंवा खंगलेला नर लवकर टाकतो. दोन्ही शिंगं एकाच जागी पडतील असं नसतं, मध्ये काही मिनिटं जातात तशी कधी काही दिवसही जातात.

घाई करू नका

शिंगं जानेवारीत पडतात, म्हणून फेब्रुवारीतच रानात घुसायचा मोह होतो. तो आवरायला हवा, आणि याबाबतीत मी हट्टी आहे. हिवाळ्याच्या अखेरीस हरीण अंगावरच्या चरबीवर कसंबसं जगत असतं. माद्या गाभण असतात, पिल्लं मेअखेर-जूनमध्ये होणार असतात. गुडघाभर बर्फातून तुम्ही त्यांना एकदा पळवलंत, तर त्या पळण्यात गेलेली ताकद भरून काढायला रानात अन्न नसतं. एकदा उठवलेला कळप पुन्हा पुन्हा उठवला, तर त्यातली काही जनावरं वसंत बघत नाहीत.

शिवाय लवकर जाऊन हाती काही लागतही नाही. निम्मे नर अजून शिंगं डोक्यावर घेऊन फिरत असतात आणि पडलेली बर्फाखाली असतात. दक्षिण उतारांवरचं बर्फ गेलं की निघायचं, म्हणजे साधारण मार्चच्या मध्यापासून. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत गवत वर येतं, त्यानंतर शिंग दिसणं कठीण होतं. एवढाच काय तो हंगाम.

पहिली पायरी: गाडीत बसून टेहळणी

फेब्रुवारीत जंगलात शिरायचं नाही, पण रस्त्यावरून बघायला कोण अडवतं? सूर्यास्ताआधीचा तास निवडा, शेतांमधल्या कच्च्या रस्त्यांवरून हळू गाडी चालवा आणि रहदारी नसेल तिथे बाजूला थांबून दुर्बिणीतून शेतं बघा. मक्याची धसकटं उभी असलेलं शेत, सांडलेलं सोयाबीन, लसूणघासाचं रान. संध्याकाळी हरणं अशा ठिकाणी उतरतात. कुठल्या शेतात किती उतरली, कुठल्या सोंडेवरून आली, कुंपण कुठे ओलांडलं, ते फोनवरच्या नकाशात खूण करून ठेवा. शेतकऱ्याने सगळा मका नांगरून टाकला असेल तर ते शेत यंदा सोडून द्या. मागच्या वर्षी तिथे कितीही हरणं असली तरी यंदा ती दुसरीकडे जेवत असतात.

ही टेहळणी चार-पाच संध्याकाळी नीट केली, तर पुढची पायपीट अर्ध्याने कमी होते. घरातल्या मुलांना याच कामात आधी गुंतवावं. गाडीत हीटर चालू असतो, थर्मासमध्ये चहा असतो आणि हरणं मोजायला त्यांना आवडतं.

दुसरी पायरी: जमीन कोणाची, ते पाहा

आपल्याकडे माळरान दिसलं की आपण चालू लागतो. इथे तसं चालत नाही. मिनेसोटात शेतजमिनीवर 'प्रवेश बंद'ची पाटी नसली तरी परवानगीशिवाय भटकंतीला जाता येत नाही. विस्कॉन्सिनमध्ये कुठल्याही खासगी जमिनीसाठी परवानगी लागते. ऑनएक्स नावाच्या ॲपमध्ये प्रत्येक तुकड्याची हद्द आणि मालकाचं नाव दिसतं. मिनेसोटाच्या डीएनआरचा, म्हणजे नैसर्गिक संपदा खात्याचा, 'रिक्रिएशन कंपास' हा नकाशा फुकट आहे आणि सार्वजनिक जमिनी शोधायला तो पुरतो.

सार्वजनिक जमिनींमध्येही फरक आहे. आमच्या भागात रिचर्ड जे. डोरर मेमोरियल हार्डवुड स्टेट फॉरेस्टचे तुकडे आहेत, व्हाइटवॉटरसारखे वाइल्डलाइफ मॅनेजमेंट एरिया आहेत. नवख्याने सुरुवात अशा ठिकाणी करावी, मात्र जाण्याआधी त्या भागाच्या डीएनआर ऑफिसला फोन करून त्या तुकड्याचे नियम विचारून घ्यावेत, कारण काही भाग प्राण्यांसाठी पूर्ण बंद ठेवलेले असतात. स्टेट पार्कमध्ये चाला, फोटो काढा, पण तिथून काही उचलायचं नाही. नॅशनल पार्कमधून शिंग नेणं हा केंद्रीय कायद्याखाली गुन्हा आहे, मग ते पायाखाली आलेलं का असेना. नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूजमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या वन्यजीव अभयारण्यात, सहसा मनाई असते. आदिवासी रिझर्वेशनच्या जमिनीवर त्यांच्या सरकारच्या परवानगीशिवाय जाऊ नका.

चांगली शिंगं मात्र खासगी शेतांना लागून असलेल्या रानात मिळतात. तिथे जायचं तर दार ठोठवावं लागतं, आणि आपल्यातले बरेच जण इथेच मागे फिरतात. मिनेसोटाच्या खेड्यात अनोळखी शेतकऱ्याच्या दारात उभं राहायचं म्हणजे संकोच वाटतो, हे मी समजू शकते. पण शिंगं वेचायची परवानगी शिकारीच्या परवानगीपेक्षा खूप सहज मिळते, आणि त्यामागे शेतकऱ्याचा स्वतःचा फायदाही असतो. शेतात पडलेल्या शिंगाचं टोक ट्रॅक्टरच्या टायरमध्ये घुसतं आणि तो टायर फार महाग असतो. पेरणीआधी कोणी शेत चालून शिंगं उचलून नेणार असेल, तर त्याला ते हवंच असतं.

शनिवारी सकाळी उशिरा जावं, जेवणाच्या वेळी नको. गाडी फाटकापाशी न लावता घरासमोर उजेडात लावावी. छद्मरंगी कपडे घालू नयेत. मुलांना सोबत न्यायला हरकत नाही. आपलं नाव, कुठे राहतो, काय शोधतोय, कधी जाणार आणि कधी परतणार, एवढं सरळ सांगायचं. 'हरणांची शिंगं शोधतोय, फक्त पायी, कुत्रं नाही, ओल्या शेतात गाडी घालणार नाही' हे वाक्य बरंच काम करतं. नाही म्हणाले तर आभार मानून निघावं. हो म्हणाले तर जायच्या दिवशी फोन करावा, फाटक जसं होतं तसंच ठेवावं, आणि काही मिळालं की घरी न्यायच्या आधी त्यांना दाखवावं. त्यांच्या रानातलं शिंग त्यांना ठेवून घ्यावंसं वाटलं, तर आनंदाने द्यावं. पुढच्या वर्षी हेच दार आपसूक उघडतं.

तिसरी पायरी: अंगावर काय, सोबत काय

मार्चमध्ये सकाळी पाणी गोठलेलं असतं आणि दुपारी तिथेच घोटाभर चिखल होतो. घोट्याच्या वरपर्यंत येणारे वॉटरप्रूफ बूट, लोकरीचे मोजे, काढता-घालता येतील असे थर. जीन्स नको, ओली झाली की वाळत नाही. दुर्बीण घ्याच. समोरच्या उतारावरची पांढुरकी वस्तू शिंग आहे की काठी हे बघायला घळ उतरून चढण्यापेक्षा ती डोळ्याला लावणं बरं. घळीत फोनला रेंज नसते, म्हणून नकाशा आधी डाउनलोड करा आणि कुठे जातोय ते घरी सांगून जा.

एप्रिलच्या मध्यावर टर्की या पक्ष्याची शिकार सुरू होते. त्या दिवसांत भडक नारिंगी जाकीट घाला. लाल, पांढरा, निळा हे रंग अंगावर ठेवू नका, कारण नर टर्कीच्या डोक्याचे हेच रंग असतात आणि झुडपातून शिकाऱ्याची गफलत होऊ शकते.

गोचीड हा विषय मात्र हलक्यात घेऊ नका. काळ्या पायांची गोचीड, जिला इथे डिअर टिक म्हणतात, बर्फ गेल्या गेल्या कामाला लागते. ती लाइम रोग पसरवते आणि आग्नेय मिनेसोटा तिच्या पट्ट्यात येतो. भारतात गुरांच्या अंगावर दिसते त्या गोचिडीपेक्षा ही बारीक असते. प्रौढ मादी साधारण तिळाएवढी, पिल्लू तर खसखशीएवढं. बूट आणि पँटवर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक आदल्या दिवशी फवारून पूर्ण वाळवा. ते कपड्यांसाठी आहे, कातडीला लावायचं नाही, आणि ओलं असताना मांजरांना विषारी असतं. उघड्या अंगाला डीट किंवा पिकारिडिन असलेलं कीटकरोधक लावा. पँट मोज्यांत खोचा. विचित्र दिसतं, पण दिसू द्या.

घरी आल्यावर कपडे थेट ड्रायरमध्ये टाका, अंघोळ करा आणि गुडघ्यामागे, काखेत, जांघेत, कमरेपाशी, कानामागे, केसांत नीट बघा. चिकटलेली सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढा. काडी लावून चटका देणं, तेल किंवा व्हॅसलिन लावणं हे आपल्याकडचे उपाय इथे करू नका. लाइमचे जंतू शिरायला सहसा एक दिवसापेक्षा जास्त वेळ चिकटून राहावं लागतं, म्हणूनच त्याच दिवशी तपासण्याला महत्त्व आहे. पुढच्या काही आठवड्यांत ताप आला, अंग दुखलं किंवा पसरत जाणारा लाल चट्टा दिसला, तर डॉक्टरांना 'गोचीड चावली होती' असं आपणहून सांगा.

एप्रिलअखेरीस कड्यांच्या उन्हाळ उतारांवर टिंबर रॅटलस्नेक बिळांतून बाहेर येऊ लागतात. मिनेसोटात त्यांना कायद्याने संरक्षण आहे. तोवर आपला हंगाम संपत आलेला असतो, तरी खडकांच्या फटीत हात घालायचा नाही.

चौथी पायरी: उतार वाचणे

ड्रिफ्टलेसमध्ये नकाशा उघडलात की आधी दक्षिणेकडे आणि नैर्ऋत्येकडे तोंड करून असलेले उतार शोधा. हिवाळ्यातलं खालचं ऊन त्यांच्यावर थेट पडतं, म्हणून तिथलं बर्फ सर्वांत आधी जातं. मिसिसिपीकाठच्या कड्यांवर अशा उतारांवर झाडं कमी आणि वाळकं गवत जास्त असतं, अधूनमधून रेड सीडरची ठेंगणी झुडपं. स्थानिक लोक याला गोट प्रेअरी म्हणतात. वारा उत्तरेकडून घोंघावत असताना हरीण इथे सीडरच्या आडोशाला ऊन खात बसतं. सोंडेच्या टोकापासून थोडं खाली, जिथून खालची सगळी घळ दिसते आणि मागून येणाऱ्याचा वास वाऱ्यावर कळतो, ती मोठ्या नराची आवडती जागा.

बसायच्या जागा ओळखायला सोप्या असतात. पाचोळ्यात दाबला गेलेला, तीन-चार फूट लांबीचा लांबट खळगा, आजूबाजूला लेंड्या, कधी राखाडी पोकळ केस. लहान-मोठे खळगे जवळजवळ असतील तर ते माद्या-पिल्लांचे असण्याची शक्यता जास्त. एकटा मोठा खळगा दिसला तर थांबा आणि भोवतालचा भाग बारकाईने बघा.

खाण्याची जागा आणि बसण्याची जागा यांना जोडणारी वाट बर्फ वितळल्यावर उघडी पडते. हिवाळाभर खुरांनी तुडवून झालेली, पाचोळ्यात खोल गेलेली. या वाटेवर जिथे जिथे हरणाला उडी मारावी लागते किंवा मान वाकवावी लागते, तिथे शिंगाला हिसका बसतो. तारेचं कुंपण, ओढ्याचा काठ, आडवं पडलेलं झाड, सीडरच्या दाट फांद्यांखालचा बोगदा. कुंपणाच्या दोन्ही बाजूंना वीस-तीस फूट नीट बघा.

उत्तर मिनेसोटात चित्र वेगळं असतं. तिथे बर्फ खोल असतं, हरणं सीडर आणि इतर सूचिपर्णी झाडांच्या दाट राईत एकत्र जमतात. त्या राईंना डिअर यार्ड म्हणतात. एप्रिलआधी तिथे पाऊल टाकू नका.

पाचवी पायरी: चालायचं कसं

आधी शेतं आणि त्यांच्या कडा, मग वाटा, आणि बसायच्या जागा सगळ्यांत शेवटी, हा क्रम ठेवा. शेत मोकळं असतं, डोळा तयार व्हायला तिथे मदत होते. शिवाय हरणांना त्यांच्या आडोशातून उठवायची वेळ जितकी पुढे ढकलता येईल तितकं चांगलं. चालताना कळप उठला तर त्याच्या मागे जाऊ नका. दिशा बदला, किंवा तो भाग त्या दिवशी सोडून द्या.

उघड्या शेतात नांगराच्या तासासारख्या समांतर रेघांत चालायचं, दोन रेघांमध्ये वीस-पंचवीस फूट. कुटुंब किंवा मित्रमंडळी असाल तर एका ओळीत पसरून चाला. रानात मात्र रेघा धरून चालता येत नाही, तिथे हरणाच्या वाटेला धरून चालावं आणि दर पंधरा-वीस पावलांवर थांबावं. थांबणं महत्त्वाचं आहे. पाय चालू असताना डोळे पुढचं पाऊल शोधत असतात, त्यांना जमीन दिसत नाही. थांबून समोरचे दहा-पंधरा फूट सावकाश बघा, मग डावीकडे, उजवीकडे, आणि निघण्याआधी एकदा मागे वळून. उतरताना न दिसलेलं शिंग चढताना दिसतं, कारण उजेड दुसऱ्या बाजूने पडतो.

अख्खं शिंग आखीवरेखीव पडलेलं क्वचितच दिसतं. पाचोळ्यातून वर आलेलं एखादं टोक दिसतं, किंवा गवताच्या उभ्या काड्यांमध्ये न बसणारा एक गुळगुळीत बाक. ओकची वाळकी फांदीही वाकते, मक्याचं ताटही पांढरं होतं, पण शिंगाची चकाकी निराळी असते. म्हणूनच माझ्या मते सर्वांत चांगला दिवस म्हणजे पाऊस पडून गेल्यानंतरचा ढगाळ दिवस. ओला पाचोळा काळपट होऊन चपटा बसतो आणि ओलं शिंग त्यावर उजळून दिसतं. कडक उन्हात पांढऱ्या गवताची तिरीप डोळ्यांवर येते आणि सगळंच शिंगासारखं भासू लागतं.

डोळा तयार करायचा एक साधा उपाय आहे. कोणाकडून एक जुनं शिंग उसनं आणा, घरामागच्या गवतात कोणाला तरी ते टाकायला सांगा आणि शोधा. मुलांना हा खेळ फार आवडतो आणि मोठ्यांपेक्षा ती पटकन शिकतात.

शिंग सापडलं

लगेच उचलू नका. आहे तिथेच फोटो काढा, नकाशात खूण करा, आणि मग मान वर करून बघा. आपण वाटेवर आहोत की खळग्यापाशी? सर्वांत जवळचं खाणं कुठल्या दिशेला? या एका जागेवरून त्या नराच्या हिवाळ्याबद्दल जितकं कळतं, तितकं दिवसभर फिरून कळत नाही. नर सहसा वर्षानुवर्षं त्याच भागात हिवाळा काढतात, त्यामुळे ही खूण पुढच्या मार्चमध्येही कामाला येते.

मग जोडीचं दुसरं शिंग. पहिल्या शिंगापासून वाढत्या गोलाकारात चाला, शंभर यार्डांपर्यंत. तिथे नसेल तर वाट दोन्ही दिशांना पुढच्या कुंपणापर्यंत किंवा ओढ्यापर्यंत बघा. व्हाइट-टेलच्या शिंगाची मुख्य दांडी पुढे जाऊन आत वळते आणि तिच्यावर एकेक टोक उभं असतं. त्या वळणावरून हातात डावं आहे की उजवं ते ओळखता येतं, म्हणजे कुठलं शोधायचं ते पक्कं होतं.

हातात घेतल्यावर बुडाकडे बघा. कवटीला टेकलेली बाजू खडबडीत, कणीदार आणि किंचित फुगीर असते. तिच्याभोवती गाठीगाठींचं कडं असतं. नुकत्याच गळलेल्या शिंगाच्या बुडावर कधी वाळलेल्या रक्ताचा तपकिरी डाग राहतो. दांडी तपकिरी, बुडाकडे गडद, टोकं घासून पांढरी झालेली असतील तर ते याच हिवाळ्यातलं. पांढरं पडून बारीक भेगा गेलेलं शिंग एक-दोन वर्षं उन्हात पडलेलं असतं, हिरवट शेवाळ धरलेलं त्याहून जुनं. टोकांवर जोडीजोडीने बारीक समांतर चरे दिसले तर ते उंदीर-खारींचे दात. शिंगात कॅल्शियम आणि फॉस्फरस असतं, ते मिळवायला हे प्राणी शिंग कुरतडतात. उशीर झाला तर निम्मं शिंग त्यांच्या पोटात गेलेलं असतं.

नुसती टोकं मोजून हरणाचं वय सांगता येत नाही, कोणी सांगितलं तरी मानू नका. खाणं, तब्येत आणि आनुवंशिकता यांवरही शिंगाचा आकार ठरतो.

कवटीसकट शिंगं सापडली तर प्रकरण वेगळं आहे. ते गळलेलं शिंग नाही, ते मेलेलं जनावर आहे. हात न लावता फोटो आणि जागा नोंदवा आणि कन्झर्वेशन ऑफिसरला, म्हणजे डीएनआरच्या वन्यजीव अधिकाऱ्याला, फोन करा. अशी शिंगं घरी न्यायचा परवाना तेच देतात. कारण दोन आहेत. एक, चोरटी शिकार. दुसरं, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, हरणांच्या मेंदूचा जीवघेणा रोग. फिलमोर काउंटीतल्या रानटी हरणांमध्ये तो २०१६ साली सापडला. मेंदू आणि मणक्याचे अवशेष एका भागातून दुसरीकडे नेण्यावर त्यामुळे निर्बंध आहेत. स्वच्छ, गळलेल्या शिंगाला हा प्रश्न नसतो.

घरी आणल्यावर कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरेसा आहे. ब्लीच वापरू नका, उकळू नका, रंग जातो आणि हाड ठिसूळ होतं. सावलीत वाळवा. कापून खुंट्या किंवा सुरीची मूठ करायची असेल तर मास्क लावा, धूळ छातीत जायला नको. कुत्र्याला चघळायला द्यायची पद्धत इथे आहे, पण शिंग दगडासारखं टणक असतं आणि त्याने दात तुटतात, म्हणून आधी पशुवैद्याला विचारा.

पश्चिमेकडे जाणार असाल तर

कोलोरॅडो, वायोमिंग, युटा इथे शोध असतो एल्क आणि म्यूल डिअर या तिकडच्या हरणांच्या शिंगांचा. एल्क मार्च-एप्रिलमध्ये शिंगं टाकतात, आणि त्यांना वजनावर चांगला भाव मिळतो. त्या पैशापायी लोक भर थंडीत कळपांमागे फिरू लागले, म्हणून तिथे कायदे कडक झाले. कोलोरॅडोत २०१८ पासून इंटरस्टेट २५ च्या पश्चिमेकडच्या सगळ्या सार्वजनिक जमिनींवर १ जानेवारी ते ३० एप्रिल शिंगं गोळा करायला बंदी आहे. वायोमिंगच्या पश्चिम भागातही हीच बंदी असते आणि १ मे रोजी सकाळी ६ वाजता ती उठते. २०२४ पासून परराज्यातल्या लोकांना मात्र आणखी एक आठवडा थांबावं लागतं आणि कन्झर्वेशन स्टॅम्प विकत घ्यावा लागतो. युटामध्ये हंगामाच्या ठरावीक काळात जायचं तर ऑनलाइन कोर्स करून प्रमाणपत्र सोबत बाळगावं लागतं. बर्फ जास्त पडलं की हे नियम ऐनवेळी बदलतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात त्या राज्याची वेबसाइट पुन्हा बघा. ग्रिझली अस्वलं असलेल्या भागात बेअर स्प्रे हाताशी ठेवा, बॅगेच्या तळाशी नको.

यलोस्टोनच्या सहलीला जाणाऱ्यांनी जॅक्सन गावातल्या चौकातल्या एल्कच्या शिंगांच्या कमानी जरूर बघाव्यात. गावाला लागूनच १९१२ साली स्थापन झालेलं नॅशनल एल्क रेफ्यूज आहे. तिथली शिंगं बॉय स्काउट्स गोळा करतात आणि दर मे महिन्यात चौकात त्यांचा लिलाव होतो. पैशाचा मोठा वाटा रेफ्यूजकडे परत जातो. इतर कोणालाही तिथे शिंग उचलता येत नाही.

भारतात नेऊ नका, भारतात उचलू नका

मिळालेलं शिंग आजीला दाखवायला, किंवा घरच्या सांबरशिंगासारखं सहाणेवर उगाळायला होईल म्हणून बॅगेत टाकावंसं वाटेल. टाकू नका. वन्यप्राण्यांचे अवयव देशाबाहेर नेताना अमेरिकेत घोषणा आणि कागदपत्रं लागतात, आणि भारतात कस्टम्सला सापडलं तर 'हे गळलेलं होतं' हे स्पष्टीकरण कामाला येत नाही.

भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे. चितळाचं, सांबराचं शिंग नैसर्गिकरीत्या गळलेलं असलं तरी ते सरकारची मालमत्ता ठरतं. उचलणं, घरी ठेवणं, विकणं, सगळं गुन्ह्यात मोडतं. मिनेसोटात मुलांना शिंग शोधायची सवय लागली असेल तर सुट्टीत ताडोबाला, मेळघाटला किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात नेण्याआधी हा फरक त्यांना नीट समजावून सांगा. तिथे शिंग दिसलं तर सफारीच्या गाडीतून उतरायचं नाही आणि पायवाटेवर असाल तरी हात लावायचा नाही. फोटो काढा, गाइडला किंवा वनरक्षकाला जागा सांगा. त्या जंगलात शिंग कुरतडायला साळिंदर असतं, ते रात्री येऊन आपलं काम करतं.